रात्रीची गस्त फुकट का? महारकीचा इतिहास विसरू नका

सोयाबीन घरात आले की वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या मालेगाव तालुक्यात चोऱ्यांची चर्चा सुरू होते. ग्राम सुरक्षा दल उभारा, पोरांनी रात्री जागावे, असे आवाहन होते. मानधनाचा विषय काढला की उत्तर ठरलेले: "गावाची सेवा आहे, सेवेचे पैसे कसले?" हे वाक्य आम्हाला नवे नाही. आमच्या आज्या-पणज्यांनी ते ऐकले आहे.

वेशीवरचा पहारा, रात्रीची गस्त, चोराचा माग काढणे, सरकारी वसूल पोचवणे ही महाराची कामे होती. मोबदला म्हणजे तुटपुंजी इनाम जमीन आणि बलुते. काम सरकारचे, पण पोट गावाच्या मर्जीवर. शेतकरी नाराज झाला की बलुते बंद. नेमणूक एकाची, राबायचे मात्र अख्ख्या कुटुंबाने, दिवसा-रात्री केव्हाही. यालाच 'मान' म्हटले गेले.

बाबासाहेबांनी हा मान नाकारला. १८७४ च्या मुंबई इलाख्यातील वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक त्यांनी १९ मार्च १९२८ रोजी विधिमंडळात मांडले. बलुत्याऐवजी रोख मोबदला मिळावा आणि ज्याला वतन सोडायचे त्याला पूर्ण सारा भरून जमीन राखता यावी, हे त्याचे सार. ते मंजूर झाले नाही. १९३७ साली त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा आला १९५८ साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. आपले वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हते, १८७४ चा कायदा इथे नव्हता. पण राखण आणि बलुते इथेही होतेच.

राखणदाराच्या वाट्याला आणखी एक गोष्ट आली: संशय. रामोशी समाजाने गावे राखली आणि त्याच समाजावर गुन्हेगार जमातीचा शिक्का बसला. आजही गस्तीवरच्या पोराला मार लागला, त्याच्यावरच आळ आला, तर त्याच्या मागे कोण उभे राहणार?

काही कार्यकर्ते विचारतील, समता सैनिक दलाचे सैनिक कुठे पगार घेतात? बरोबर. पण ते स्वतःच्या चळवळीसाठी, स्वतःच्या इच्छेने उभे राहतात. कायदा-सुव्यवस्था हे राज्याचे काम आहे. राज्याचे काम फुकटात करून घेणे म्हणजे सेवा नव्हे. संविधानाच्या कलम २३ ने वेठबिगारीला बंदी घातली. १९८२ साली आशियाई खेळांच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, गरिबीमुळे किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबावे लागणे हीसुद्धा सक्तीची मजुरी आहे. होमगार्डही स्वयंसेवकच, त्याला भत्ता मिळतो. २०१५ साली त्याच न्यायालयाने तो पोलीस शिपायाच्या किमान वेतनाशी जोडायला सांगितले. मग गस्तीवरच्या पोराची रात्र तेवढी फुकट का?

पैसे दिले तर हप्तेगिरी वाढेल, ही भीती खरी आहे. पण ती गावच्या वर्गणीतून पैसे दिले तर. वर्गणी म्हणजे नवे बलुते. जो देतो त्याचेच घर राखले जाईल, वस्ती उघडी राहील.

म्हणून आमची मागणी बाबासाहेबांच्या विधेयकाइतकीच सरळ आहे. मोबदला रोख हवा, सरकारी तिजोरीतून हवा. विमा हवा. दलात सर्व जातींची पोरे हवीत. आणि नको वाटले त्या दिवशी काम सोडण्याची मोकळीक हवी.

तरुणांनो, ग्रामसभेत गस्तीचा ठराव आला तर हात वर करण्याआधी हे चार प्रश्न विचारा.

जय भीम!