पदपथावरच्या माणसाची मोजणी (थ्रेड)

१/ जनगणना आधी घरांना क्रमांक देते आणि मग त्या क्रमांकांतील माणसे मोजते. मग ज्याला घरच नाही, त्याचे काय? त्याच्यासाठी एक रात्र राखून ठेवलेली असते. २०११ साली ती २८ फेब्रुवारीची रात्र होती. उड्डाणपुलांखाली, जिन्यांखाली, सिमेंटच्या मोठ्या नळांत, रेल्वेच्या फलाटांवर निजलेल्यांची त्या रात्री नोंद झाली. देशभरात आकडा भरला सुमारे १७ लाख ७३ हजार.

२/ एका रात्रीची ही मोजणी कितपत खरी मानावी, हा वाद जुनाच आहे. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो दुसरा प्रश्न : मोजले गेल्याने माणसाच्या पदरात काय पडते? त्याचे उत्तर मुंबईच्या इतिहासात आहे.

३/ ४ जानेवारी १९७६ रोजी मुंबईतील झोपडपट्ट्यांची गणना झाली आणि मोजलेल्यांना ओळखपत्रे मिळाली. पदपथावरची बहुतेक कुटुंबे मात्र या गणनेबाहेरच राहिली.

४/ जुलै १९८१, ऐन पावसाळा. मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी पदपथवासीयांना हटवण्याचा आदेश दिला. पत्रकार ओल्गा टेलिस आणि स्वतः पदपथवासी न्यायालयात गेले.

५/ १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या पाच सदस्यीय घटनापीठाने निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे त्यातील तत्त्व आज प्रत्येक पाठ्यपुस्तकात सापडते. पण पदपथ मोकळे करण्याचा महापालिकेचा अधिकारही त्याच निकालाने मान्य केला. पर्यायी जागेचे आश्वासन होते ते १९७६ च्या गणनेत नोंद झालेल्यांना. नऊ वर्षांपूर्वीचा एक कागद असा अचानक निर्णायक ठरला. (पाठ्यपुस्तके नेमकी ही ओळ गाळतात.)

६/ त्याच वर्षी ‘स्पार्क’ या संस्थेने भायखळा परिसरातील पदपथवासीयांचे सर्वेक्षण केले. सुमारे सहा हजार कुटुंबांची नोंद झाली. अहवालाचे नाव होते ‘वुई, द इन्व्हिजिबल’, म्हणजे आम्ही, अदृश्य. ‘चार दिवसांचे उपरे’ ही समजूत त्यातून खोटी ठरली. अनेक कुटुंबे कैक वर्षांपासून तिथेच राहत होती आणि कामाच्या ठिकाणी पायी जात होती. या कामातूनच १९८६ साली पदपथावरील स्त्रियांची ‘महिला मिलन’ संघटना उभी राहिली.

७/ आज असे सर्वेक्षण मोबाईलवरील अ‍ॅपने करता येते. पण त्यातही जुनेच पेच उरतात. पत्त्याचा रकाना रिकामा राहतो, माणूस जागा बदलतो, एकाच माणसाची दोनदा नोंद होते. शिवाय नकाशावरील अचूक ठिपका निवारा देणाऱ्याच्या हाती पडला तर उपयोगाचा. अतिक्रमण हटवणाऱ्या पथकाच्या हाती पडला तर तीच पाडकामाची यादी. त्यामुळे माहिती कोणाच्या ताब्यात राहणार, हे अ‍ॅप बांधण्याआधीच ठरवावे लागते.

८/ भायखळ्याच्या पदपथांवरील त्या स्त्रियांपैकी अनेकींना पुढे मानखुर्दला पक्की घरे मिळाली. त्या वसाहतीचे नाव मिलन नगर.