रात्री उशिराचा आहार

रात्री उशिराचा आहार म्हणजे रात्रीच्या नेहमीच्या जेवणानंतर किंवा झोपण्यापूर्वीच्या दोन-तीन तासांत घेतलेले अन्न होय. स्नायूंची वाढ करणे किंवा शरीरातील चरबी घटवणे हे उद्दिष्ट असणाऱ्यांच्या संदर्भात या विषयाची विशेष चर्चा होते. 'रात्री खाल्लेले सगळे चरबीत जाते' असा समज महाराष्ट्रात रूढ आहे. याउलट, व्यायामशाळांत झोपण्यापूर्वी दूध किंवा प्रथिनांची भुकटी घेण्याचा प्रघात आहे. उपलब्ध संशोधनानुसार वजनातील व शरीरघटनेतील बदल प्रामुख्याने दिवसभरातील एकूण ऊर्जा, प्रथिने, व्यायाम आणि झोप यांवर ठरतो. खाण्याच्या वेळेचा परिणाम त्याहून लहान असला तरी दुर्लक्षणीय नाही.

रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत आणि खालापूर या तालुक्यांत उपनगरी रेल्वेचा लांबचा प्रवास व कारखान्यांतील रात्रपाळी यांमुळे अनेकांचे शेवटचे जेवण उशिरा होते. अशा ठिकाणी जेवणाची वेळ बदलणे नेहमी शक्य नसते. त्यामुळे काय व किती खावे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

व्याप्ती

रात्री उशिरा खाण्याचे तीन भिन्न प्रकार आढळतात. पहिल्या प्रकारात मुख्य जेवणच कामामुळे उशिरा होते. दुसऱ्या प्रकारात पोटभर जेवण झाल्यानंतर सवयीने, कंटाळ्यामुळे किंवा पडद्यासमोर बसून फरसाण, बिस्किटे, गोड पदार्थ इत्यादी खाल्ले जातात. तिसरा प्रकार आजाराचा आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकर्ड यांनी १९५५ साली 'नाइट ईटिंग सिंड्रोम' या विकाराचे वर्णन केले. या विकारात दिवसाच्या एकूण आहाराचा मोठा भाग संध्याकाळच्या जेवणानंतर घेतला जातो किंवा खाण्यासाठी झोपेतून वारंवार उठावे लागते. या तिन्ही प्रकारांना एकच सल्ला लागू पडत नाही.

शरीरातील प्रक्रिया

मानवी शरीरातील अनेक क्रिया सुमारे २४ तासांच्या दैनिक लयीनुसार चालतात. रात्री मेलॅटोनिन या संप्रेरकाचे प्रमाण वाढते आणि रक्तातील साखर हाताळण्याची शरीराची क्षमता दिवसाच्या तुलनेत कमी होते. त्यामुळे तेच जेवण सकाळी घेतल्यास जितकी साखर वाढते, त्यापेक्षा रात्री ती अधिक वाढू शकते. भरपेट जेवून लगेच आडवे झाल्यास जठरातील आम्ल अन्ननलिकेत येऊन छातीत जळजळ होण्याचा संभव असतो.

तथापि अन्नाचे चरबीत रूपांतर होण्यासाठी रात्रीची अशी स्वतंत्र यंत्रणा नाही. झोपेतही हृदय, मेंदू, यकृत व स्नायू ऊर्जा वापरत असतात. खर्चापेक्षा अधिक ऊर्जा सातत्याने घेतल्यास ती चरबीच्या रूपाने साठते, मग ती दुपारी घेतलेली असो वा मध्यरात्री. प्रति ग्रॅम कर्बोदके व प्रथिने यांपासून सुमारे ४ किलोकॅलरी, तर स्निग्ध पदार्थांपासून सुमारे ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. यामुळे तळलेल्या पदार्थांचे अल्प प्रमाणही जास्त ऊर्जा देते.

चरबी घटवण्याच्या संदर्भात

या विषयावरील प्रयोगांचे निष्कर्ष संमिश्र आहेत. २०२२ साली 'सेल मेटाबॉलिझम' या नियतकालिकात दोन प्रयोग प्रसिद्ध झाले. त्यांपैकी एकात १६ जास्त वजनाच्या व्यक्तींना तेच अन्न सुमारे चार तास उशिरा देण्यात आले. त्यात भूक वाढली आणि जागेपणीचा ऊर्जाव्यय सुमारे ५ टक्क्यांनी घटला. दुसऱ्या प्रयोगात ३० व्यक्तींच्या आहाराचा मोठा भाग एकदा सकाळी व एकदा संध्याकाळी ठेवण्यात आला. एकूण ऊर्जा समान असल्याने वजनातील घट जवळपास सारखीच राहिली, मात्र सकाळी अधिक खाल्ल्यास भूक कमी लागली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या इस्रायलमधील अभ्यासात पोलीस कर्मचाऱ्यांच्या एका गटाने सहा महिने बहुतेक कर्बोदके रात्रीच्या जेवणात घेतली. त्यामुळे वजन घटण्यात अडथळा आला नाही.

या निष्कर्षांवरून असे दिसते की, उशिराचे खाणे मुख्यतः भूक व निवड यांच्या मार्गाने वजन वाढवते. दिवसभर उपाशी राहिलेली, थकलेली व्यक्ती रात्री अधिक खाते आणि हाताशी येईल ते खाते. चरबी घटवण्यासाठी दररोज ३०० ते ५०० किलोकॅलरींची तूट ठेवण्याचा प्रघात आहे. साधारण एका वडापावाने त्यातील ३०० किलोकॅलरींची तूट भरून निघते.

झोपेचा संबंध याहून थेट आहे. शिकागो विद्यापीठाच्या २०१० मधील अभ्यासात कमी ऊर्जेचा आहार घेणाऱ्या १० व्यक्तींना दोन आठवडे साडेआठ तास आणि दोन आठवडे साडेपाच तास झोपेची संधी देण्यात आली. दोन्ही वेळा वजन सुमारे ३ किलोने घटले. परंतु पुरेशा झोपेत १.४ किलो चरबी कमी झाली, तर अपुऱ्या झोपेत केवळ ०.६ किलो, उरलेली घट प्रामुख्याने स्नायूंसह चरबीविरहित भागाची होती. म्हणजेच वजनकाट्यावरील आकडा सारखा असला तरी अपुरी झोप घेणाऱ्याने चरबीऐवजी स्नायू गमावले.

स्नायूंच्या वाढीच्या संदर्भात

स्नायूंची वाढ होण्यासाठी वजनाचा किंवा प्रतिरोधाचा व्यायाम, पुरेशी प्रथिने आणि विश्रांती यांची गरज असते. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ साली संध्याकाळी व्यायाम केलेल्या तरुणांना झोपण्यापूर्वी ४० ग्रॅम केसिन हे दुधातील प्रथिन दिले. त्यांच्या स्नायूंमधील प्रथिननिर्मिती रात्रभरात सुमारे २२ टक्क्यांनी अधिक आढळली. २०१५ मधील १२ आठवड्यांच्या अभ्यासात झोपण्यापूर्वी प्रथिनयुक्त पेय घेणाऱ्या तरुणांची ताकद व स्नायूंचा आकार इतरांपेक्षा अधिक वाढला. मात्र या गटाला दिवसभरात एकूण प्रथिनेही जास्त मिळाली होती. त्यामुळे हा परिणाम वेळेचा की प्रमाणाचा, हे त्यातून वेगळे करता येत नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था, हैदराबाद यांच्या २०२० मधील शिफारशीनुसार प्रौढांना दररोज प्रति किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने आवश्यक असतात. नियमित वजनाचा व्यायाम करणाऱ्यांच्या बाबतीत, ४९ प्रयोगांच्या २०१८ मधील एकत्रित विश्लेषणात सुमारे १.६ ग्रॅमपर्यंत लाभ आढळला. ६० किलो वजनाच्या तरुणासाठी हे प्रमाण अनुक्रमे सुमारे ५० व ९६ ग्रॅम होते. दिवसभरात हे प्रमाण पूर्ण होत नसल्यास रात्रीचे प्रथिनयुक्त खाणे उपयुक्त ठरते. पूर्ण होत असल्यास त्याचा अतिरिक्त लाभ मर्यादित असतो.

भारतीय शरीरघटना

केवळ वजन पाहून चरबीचा अंदाज बांधणे भारतीयांच्या बाबतीत विशेष फसवे ठरते. पुण्यातील के.ई.एम. रुग्णालयाचे मधुमेहतज्ज्ञ चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली 'द लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही शरीर वस्तुमान निर्देशांक २२.३ होता; परंतु युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के चरबी होती. 'वाय-वाय विरोधाभास' या नावाने ही तुलना ओळखली जाते. दिसायला सडपातळ, पण स्नायू कमी व चरबी जास्त अशा शरीराच्या व्यक्तीने खाणे निव्वळ कमी केल्यास तिचे स्नायू आणखी घटू शकतात. अशा व्यक्तीला वजन घटवण्यापेक्षा प्रथिने व व्यायाम वाढवण्याची गरज असते.

कर्जत व खालापूर तालुके

कर्जत हे मध्य रेल्वेच्या मुंबई–पुणे मार्गावर बोरघाटाच्या पायथ्याशी असलेले जंक्शन असून येथून एक फाटा खोपोलीस जातो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून कर्जतचे अंतर सुमारे १०० किलोमीटर आहे आणि लोकलने या प्रवासास दोन तासांच्या आसपास वेळ लागतो. ठाणे व मुंबईत नोकरी करणारे अनेक प्रवासी त्यामुळे रात्री उशिरा घरी पोहोचतात. घाट चढण्यासाठी गाडीला जादा इंजिन जोडण्याकरिता कर्जतला थांबा दिला जात असल्याने येथील फलाटावर बटाटावड्याचा व्यवसाय रुजला व प्रसिद्ध झाला. भुकेल्या प्रवाशाच्या हाती सर्वांत आधी येणारा पदार्थ असा तळलेला व कर्बोदकप्रधान असतो.

खालापूर तालुक्यात खोपोली हे औद्योगिक शहर आहे. येथील टाटा समूहाचा जलविद्युत प्रकल्प १९१५ साली सुरू झाला. पुढे या परिसरात अनेक कारखाने आले व पाळीपद्धतीचे काम रुळले. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावरील खालापूर पथकर नाक्याच्या परिसरातील उपाहारगृहे रात्रभर चालतात. अशा कामगारांच्या दृष्टीने २०२१ मधील एक अमेरिकन प्रयोग उल्लेखनीय आहे. प्रयोगशाळेत रात्रपाळीसारखी स्थिती निर्माण करून १९ जणांची पाहणी करण्यात आली. रात्री जेवणाऱ्यांच्या रक्तातील साखर सरासरी ६.४ टक्क्यांनी वाढली. केवळ दिवसा जेवणाऱ्यांत अशी वाढ आढळली नाही. पाळीवर जाण्यापूर्वी मुख्य जेवण घेणे व मध्यरात्री हलके खाणे हा त्यावरील व्यवहार्य मार्ग मानला जातो.

या भागाचा रोजचा आहार भात व तांदळाची भाकरी यांवर आधारलेला आहे. त्याच्या जोडीला वालाचे बिरडे, अंडी, सुकट व जवळा हे प्रथिनांचे स्थानिक स्रोत आहेत. भातकापणीनंतर जमिनीतील ओलाव्यावर वालाचे पीक घेतले जाते. हिवाळ्यात रात्री शेतावर होणारी 'पोपटी' ही रायगडची खास परंपरा आहे. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे व कोंबडीचे मांस भरून तोंड पाल्याने बंद केले जाते आणि मडके उपडे ठेवून भोवती जाळ केला जातो. त्यात तेल किंवा पाणी घालत नाहीत. रात्री उशिराचे असूनही हे खाणे प्रथिनांनी समृद्ध व तळणापासून मुक्त असते. पदार्थाचे स्वरूप घड्याळाइतकेच महत्त्वाचे असते, याचे ते उदाहरण आहे.

याच तालुक्यांतील कातकरी व ठाकर वाड्यांमध्ये कुपोषणाचा प्रश्न दीर्घकाळ राहिला आहे. अंगमेहनत करणाऱ्या व मुळातच अपुरा आहार घेणाऱ्या व्यक्तीला 'रात्री खाऊ नये' हा सरसकट सल्ला अपायकारक ठरू शकतो.

महाराष्ट्रातील मतप्रवाह

जैन परंपरेत सूर्यास्तानंतर भोजन वर्ज्य मानले जाते. आयुर्वेदात रात्रीचे जेवण हलके असावे व रात्री दही टाळावे असे सांगितले आहे. दुसरीकडे कोजागिरी पौर्णिमेला मध्यरात्री आटीव दूध पिण्याची प्रथा असून तालमींमध्ये दूध हा पैलवानांच्या खुराकाचा प्रमुख भाग आहे. आधुनिक काळात श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारित जगन्नाथ दीक्षित यांची आहारपद्धती लोकप्रिय झाली. तिच्यात दिवसातून दोनदाच, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवण्यावर भर आहे. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांनी याउलट थोड्या थोड्या अंतराने खाण्याचा व स्थानिक अन्नाचा पुरस्कार केला आहे. दोन्ही पद्धतींमध्ये जेवणानंतरचे निरर्थक खाणे कमी होऊ शकते.

आहाराची निवड

पुढील आकडे अंदाजे असून पदार्थाच्या आकारानुसार बदलतात.

• एक उकडलेले अंडे: ६ ग्रॅम प्रथिने, ७५ किलोकॅलरी
• गाईचे दूध, २५० मिलिलिटर: ८ ग्रॅम प्रथिने, १६० किलोकॅलरी
• भाजलेले चणे, ५० ग्रॅम: १० ग्रॅम प्रथिने, १८५ किलोकॅलरी
• शेंगदाणे, ५० ग्रॅम: १२ ग्रॅम प्रथिने, २८० किलोकॅलरी
• एक वडापाव: ३०० किलोकॅलरी, प्रथिने तुलनेने कमी

चरबी घटवू इच्छिणाऱ्यास दोन अंडी किंवा दूध यांसारखा कमी ऊर्जेचा पर्याय सोयीचा पडतो. वजन वाढवू इच्छिणाऱ्या सडपातळ व्यक्तीस शेंगदाणे व दूध यांतून प्रथिनांसह जादा ऊर्जा मिळते. उशिरा घरी पोहोचणाऱ्यांनी संध्याकाळी परतीच्या प्रवासापूर्वी चणे किंवा अंडी खाल्ल्यास घरी आल्यावरची तीव्र भूक कमी होते आणि रात्रीचे जेवण आटोपशीर राहते.

खबरदारी

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर कमी करणारी औषधे घेणाऱ्यांनी रात्रीचे खाणे स्वतःच्या मनाने बंद करू नये. झोपेत साखर धोकादायकरीत्या घसरू शकते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिने वाढवण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला आवश्यक आहे. आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांनी जेवण व झोप यांत दोन ते तीन तासांचे अंतर ठेवावे. खाण्यासाठी वारंवार झोपमोड होत असल्यास ती केवळ सवय न मानता वैद्यकीय तपासणी करून घेणे योग्य ठरते.

हे सुद्धा पहा

• प्रथिने
• शरीर वस्तुमान निर्देशांक
• पोपटी
• कर्जत तालुका
• खालापूर तालुका