निवड कोणाची?

संगणकाच्या पडद्यावरील यादीतून आपण एक नाव निवडतो आणि लगेच दुसरे पान उघडते. वेबच्या सुरुवातीला असे होत नसे. बटण दाबून निवड दूरच्या सर्व्हरकडे पाठवावी लागे. तो नवा पत्ता कळवी, मगच पान येई. मे १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी १० दिवसांत जावास्क्रिप्ट भाषेचे पहिले रूप रचले. मग निवड होताच ब्राउझरच पत्ता बदलू लागला. पण कळफलकाने यादी चाळणाऱ्या अंध वाचकाचे काय? काही ब्राउझरांत बाणाची कळ एकदा दाबताच तो पहिल्याच पानावर ढकलला जाई! म्हणून २००८ च्या वेब सुगम्यता मार्गदर्शिकेने नियम घातला : पूर्वसूचनेशिवाय केवळ निवडीने पान बदलू नये. चाळणे म्हणजे ठरवणे नव्हे, हे यंत्राला आपणच शिकवायचे असते.