विषमज्वराच्या वॉर्डात सापडलेली गोळी

मधुमेहाच्या गोळ्या आज घरोघरी आहेत. पण त्यांतील एका मोठ्या कुळाचा जन्म मधुमेहावरील औषध शोधताना झालेला नाही. तो झाला विषमज्वराच्या वॉर्डात, आणि तोही माणसे दगावल्यानंतर.

साल १९४२. महायुद्धामुळे फ्रान्समध्ये अन्नान्नदशा होती. दक्षिणेकडील माँपेलिए शहरात डॉ. मार्सेल जांबाँ यांनी विषमज्वराच्या रोग्यांना सल्फा जातीचे एक नवे औषध देऊन पाहिले. काहींना झटके आले, काहींची शुद्ध हरपली, काही तर गेलेच. आधीच उपासमारीने खंगलेली ती माणसे! त्यांच्या रक्तातील साखर पार तळाला गेली होती.

त्याच शहरातील संशोधक ओगुस्त लुबातिएर यांनी हे औषध कुत्र्यांना दिले. साखर उतरली. मग स्वादुपिंड काढून टाकलेल्या कुत्र्यांना दिले, तेव्हा मात्र काही घडेना. लुबातिएर यांनी ताडले, की हे औषध स्वतः साखर जाळीत नाही. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडावयास लावते. बैलाला पराणी टोचावी तसे. बैलच नसेल तर पराणी काय करणार?

पुढे १९५५-५६ च्या सुमारास जर्मनीतून या जातीच्या गोळ्या मधुमेहासाठी आल्या. आजची ग्लिमेपिराइड त्याच कुळातली. मेटफॉर्मिनचे कूळ निराळे. ते मुख्यतः यकृतातून होणारी साखरेची आवक रोखते, म्हणून एकटे असता सहसा साखर फार खाली नेत नाही. मूत्रपिंडे बिघडलेली असतील तर मात्र ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

पराणीवाल्या गोळीला पोट भरले आहे की रिकामे, हे कळत नाही. आपल्याकडे एकादशीला जेवण सुटते, पण गोळी सवयीने घेतली जाते. जे माँपेलिएत उपासमारीने झाले, तेच इथे उपवासाने होऊ शकते. उपवासाच्या दिवशी गोळीचे काय करावयाचे, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. घाम, थरथर, धडधड, भलतेसलते बोलणे दिसले, की तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून ताबडतोब पाजावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. थेट इस्पितळ गाठावे. शुद्धीवर असलेल्याला बरे वाटले तरी नंतर खाऊ घालून डॉक्टरांना कळवावे, कारण गोळीचा अंमल बराच वेळ टिकतो आणि साखर पुन्हा उतरू शकते. आणि दिवाळी आहे म्हणून अशा वेळी बेसनाचा लाडू पुढे करू नये; त्यातल्या तुपामुळे साखर रक्तात पोहोचावयास उशीर लागतो.