दूरस्थ त्वचारोगनिदान

दूरस्थ त्वचारोगनिदान किंवा टेलिडर्मेटॉलॉजी ही दूरवैद्यकाची शाखा असून तीत त्वचेची डिजिटल छायाचित्रे पाहून त्वचारोगतज्ज्ञ दुरूनच निदान करतात. छायाचित्रे साठवून पाठवणे आणि थेट दृक्‌श्राव्य संवाद साधणे या तिच्या दोन मुख्य पद्धती होत. भारतात २५ मार्च २०२० रोजी प्रसिद्ध झालेल्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनी अशा सल्ल्याला स्पष्ट चौकट दिली.

छायाचित्रासाठी पुरेसा प्रकाश, जवळचे व लांबचे दृश्य आणि आकार कळण्यासाठी मोजपट्टी उपयुक्त ठरते. सावळ्या त्वचेवर लालसरपणा कमी उठून दिसतो. कुष्ठरोगाच्या चट्ट्यातील बधिरता छायाचित्रात उमटत नाही. ती स्पर्श करूनच तपासावी लागते. या रोगाच्या निदानास विलंब झाल्यास कायमचे अपंगत्व येऊ शकते. म्हणून शंका असल्यास प्रत्यक्ष तपासणी आवश्यक असते.