सुशिक्षित अंगठा

बँकेच्या काउंटरमागे वीस वर्षं काढली की माणसाला चेहरे दिसेनासे होतात आणि अंगठे दिसू लागतात. नोटा मोजणारे अंगठे, शाईच्या गादीवर टेकणारे अंगठे, पासबुकाच्या कोपऱ्यावर आपली कायमची मोहोर उमटवून गेलेले तेलकट अंगठे. एवढ्या अनुभवावरून सांगतो, आपल्याकडे या अवयवावर फार अन्याय झालेला आहे. एकलव्याचा आपण कापून घेतला, निरक्षराला ‘अंगठेबहाद्दर’ म्हणून हिणवलं, आणि कुणाला नाही म्हणायची वेळ आली की तोच दाखवला. त्यामुळे अमेरिकेत ‘सुशिक्षित अंगठा’ नावाची चीज असते आणि लोक तिचा आदर करतात हे कळलं, तेव्हा माझ्यातल्या बी.कॉम.ला जरा ओशाळल्यासारखं झालं. ही पदवी कुठलंही विद्यापीठ देत नाही. गळाने मासे धरणारी मंडळी ती एकमेकांना देतात, आणि ती मिळवायला पदवीपेक्षा जास्त वर्षं लागतात.

मी या वाटेला गेलो त्याला कारण आमचे धाकटे मामा. मामा बोटीवर होते. बोटीवरचे मामा सगळ्या घरांना असावेत. ते गेले तरी त्यांच्या पेट्या वर्षानुवर्षं काहीतरी देत राहतात. अशाच एका पेटीत मला चामड्याच्या डबीत ठेवलेलं लालभडक रीळ सापडलं. सोबत तेलाची चिमुकली नळी आणि एक चिमुकला पाना. दागिना म्हणावा तर आमच्या मामींनी तो डबीत राहू दिला नसता. वर कोरलेलं नाव वाचलं : ॲम्बॅसडर ५०००. स्वीडनचं बेटकास्टिंग रीळ! आणि योग असा की त्याच सुमारास माझी बदली मालवण तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या शाखेत झाली होती.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेलं नाही त्यांनी विहिरीवरचा रहाट आठवावा. काठीच्या मुठीपाशी आडवा बसवलेला लहानसा रहाट, त्यावर दोरा, दोऱ्याच्या टोकाला शिसं आणि आमिष. काठी झुगारली की आमिष पुढे धावतं, दोरा ओढतं आणि रहाट गरगर फिरतो. आता विहिरीत बादली सोडताना काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. बादली पाण्याला टेकते, थांबते. रहाट मात्र आपल्या नादात फिरतच राहतो आणि दोराचे वेढे सुटून त्याच्याच गळ्यात पडतात. या रिळाचा सारा इतिहास म्हणजे त्या रहाटाला ‘अरे, पुरे!’ म्हणायचं कुणी आणि कधी, याचा इतिहास आहे.

मी पहिल्याच रविवारी खाडीच्या धक्क्यावर उभा राहिलो, काठी मागे नेली आणि ताकदीनं झुगारली. खर्रकन् आवाज झाला. आमिष चार हातांवर पडलं आणि चाळीस हात दोरा रिळावर उभा राहिला. शेजारी एक म्हातारे आबा बसून गरवत होते. त्यांच्याजवळ काठी नाही, रीळ नाही. लाकडाच्या तुकड्याला गुंडाळलेली तंगूस आणि तिच्या टोकाला गरी. त्यांनी ती डोक्याभोवती दोनदा फिरवून सोडली आणि ती माझ्या आमिषाच्या दसपट लांब जाऊन पडली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, “आंगठो कशाक उचललात, साहेबानू?”

तो गुंता सोडवायला मला तीन रविवार लागले, आणि त्या तीन रविवारांत मी रिळाचा इतिहास वाचून काढला. बँकेच्या माणसाला बुडित खातं हाती आलं की मूळ कर्जदार कोण, हे शोधायची खोडच असते.

मूळ कर्जदार बहुधा चिनी. मा युआन या चित्रकाराचं ११९५च्या सुमाराचं एक चित्र टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. हिवाळ्यातल्या तळ्यात एवढीशी होडी, तीत एकटा माणूस वाकून बसलेला, आणि त्याच्या काठीला चक्क रीळ. पण हे रीळ दोरा ठेवायला आणि ओढायला होतं, फेकायला नव्हतं. पुढे अठराव्या शतकात लंडनमध्ये दातेरी चाकं बसवलेली रिळं विकायला आली. हँडल एकदा फिरवलं की रीळ अनेकदा फिरायचं, म्हणजे दोरा झटपट परत यायचा. वसुलीची सोय झाली. वाटपाची मात्र तशीच राहिली.

ती सोय झाली अमेरिकेत, केंटकी राज्यात. तिथे पॅरिस नावाचं एक गाव आहे, बोर्बन परगण्याचं मुख्य ठिकाण. नावात फ्रान्सचं सगळं राजघराणं, पण गाव आपलं साधं. तिथले जॉर्ज स्नायडर नावाचे घड्याळजी १८१०च्या सुमारास माशांच्या नादी लागले. तिकडच्या नद्यांतला बास मासा जिवंत लहान मासळीला भुलतो, आणि एवढीशी हलकी मासळी लांब फेकायची तर रीळ वाऱ्यानंसुद्धा फिरेल इतकं हलकं फिरायला हवं. हे काम लोहाराचं नव्हतं, घड्याळजीचंच होतं. स्नायडरसाहेबांनी घड्याळाच्या चाकांची नजाकत रिळात आणली. पुढच्या पिढीत फ्रँकफर्ट गावचे (हेही केंटकीतलंच) जोनाथन आणि बेंजामिन मीक हे बंधू आणि त्यांच्याकडे उमेदवारी केलेला बेंजामिन मिलम यांनी ती कला अशी वाढवली की ‘केंटकी रीळ’ ही एक जातच ठरली. हँडलचा एक फेरा, रिळाचे चार. हेही सगळे पेशानं घड्याळजी. वेळ मोजणाऱ्यांनीच वेळ घालवण्याचं सर्वोत्तम साधन बनवावं, याला काय म्हणावं!

पण रीळ जितकं सुरेख फिरू लागलं, तितकं ते थांबेनासं झालं. इथे जरा वाणिज्य शाखेच्या भाषेत सांगतो. आमिष दोरा मागतं आणि रीळ तो मंजूर करतं. सुरुवातीला मागणी जोरात असते, रीळही जोरात फिरायला लागतं. पुढे हवेच्या विरोधानं आमिष मंदावतं, मागणी घटते. पण हे रिळाला कळवणार कोण? ते आपलं पहिल्याच उत्साहात मंजुऱ्या देत सुटतं. मागणीपेक्षा मंजुरी जास्त झाली की जे उरतं त्याला आम्ही थकीत कर्ज म्हणतो, अमेरिकन माणूस ‘पक्ष्याचं घरटं’ म्हणतो. माझ्या रिळावर झालं होतं ते पाहून सुगरणीनंही मान खाली घातली असती.

यावर केंटकीच्या घड्याळजींकडे एकच इलाज होता : अंगठा. फेकताना तो रिळावरच्या दोऱ्यावर पिसासारखा टेकवून ठेवायचा. जास्त दाबला तर आमिष पायाशी, कमी दाबला तर घरटं. शिवाय त्या काळी फेकताना हँडलही उलटं गरगरायचं, त्यामुळे बोटांची सांधी शेकायची ती वेगळीच. दोरा रेशमाचा, तो रोज घरी नेऊन वाळवावा लागे. इतकं सगळं सोसून ज्याचं आमिष ठरल्या जागी अलगद पडायचं, त्याचा अंगठा ‘सुशिक्षित’.

त्यानंतरची शंभर-सव्वाशे वर्षं इंजिनिअर लोक या अंगठ्याच्या जागी कुणाला नेमता येईल याच विवंचनेत होते. १८९६ साली मिशिगनमधल्या कॅलमझू गावी विल्यम शेक्सपिअर नावाच्या गृहस्थांनी एक पेटंट घेतलं. हे स्ट्रॅटफर्डचे नव्हेत. यांचं नाटक एकच, पण त्याचे प्रयोग अजून चालू आहेत. रीळ गुंडाळताना दोरा एकाच जागी ढीग होऊन बसू नये म्हणून तोवर डाव्या अंगठ्यानं तो इकडून तिकडे सारावा लागे. शेक्सपिअरांनी उलटसुलट आट्यांचा एक दांडा बसवला; हँडल फिरवलं की त्यावरची दोऱ्याची वाटाडी आपोआप डावी-उजवी फिरते. डावा अंगठा सेवानिवृत्त झाला.

१९०५ साली इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या इलिंगवर्थसाहेबांनी तर मुळावरच घाव घातला. हे लोकरीच्या धंद्यातले. कापडगिरणीत बॉबिन जागेवर उभी असते आणि सूत तिच्या टोकावरून सुटत जातं. रीळही तसंच बसवलं तर ते फिरणारच नाही, मग घरटं कशाचं? स्पिनिंग रीळ म्हणतात ते हेच. नवशिक्यांची सोय झाली. पण जुने लोक कुरकुरले. वजनदार आमिष नेमक्या जागी टाकायचं असेल आणि मोठ्या माशाशी झुंजायचं असेल, तर त्यांना फिरणारं रीळ आणि त्यावरचा अंगठाच हवा होता.

आता माझ्या मामांच्या लाल रिळाकडे येतो. स्वीडनमधल्या स्वेंगस्टा गावी १९२१ साली कार्ल ऑगस्ट बोर्गस्ट्रोम यांनी ‘आबे उरफाब्रिकेन’ काढली. नावाचा अर्थ घड्याळांचा कारखाना. पाहिलंत, पुन्हा घड्याळजी! नावातली पहिली तीन अक्षरं म्हणजेच ‘आबू’. खिशातली घड्याळं झाली, मग टॅक्सीचे मीटर झाले. दुसऱ्या महायुद्धात टॅक्सीमीटरला गिऱ्हाईक राहिलं नाही, तेव्हा मुलगा ग्योटे बोर्गस्ट्रोम यानं तीच यंत्रं आणि तेच कारागीर रिळांकडे वळवले. १९५२ साली ॲम्बॅसडर ५००० निघालं. बटण दाबलं की दातेरी चाकांपासून रीळ मोकळं. हँडल फेकताना गप्प. आत आसावर सरकणारे दोन इवलेसे ठोकळे. रीळ वेगानं फिरलं की जत्रेतल्या पाळण्यासारखे ते बाहेर फेकले जाऊन कडेच्या कड्याला घासतात आणि वेग आवरतात. रीळ मंदावलं की आपोआप पकड सोडतात. वेग वाढला की वठणीवर आणणारा आणि उतरला की पाठ सोडणारा साहेब मला नोकरीत अजून भेटायचा आहे.

आणि त्याच १९२१ साली तिकडे जपानमध्ये, ओसाकाजवळच्या साकाई गावी, शोझाबुरो शिमानो यांनी सायकलचं फ्रीव्हील बनवायला कारखाना काढला. पायडल थांबवलं तरी चाक फिरत राहावं यासाठी झिजलेल्या या घराण्यानं १९७८ साली ‘बँटम’ नावाचं रीळ आणलं, आणि फिरत राहणारं चाक थांबवावं कसं याच्या मागे लागलं. १९८०नंतर चुंबकाचे ब्रेक आले. ॲल्युमिनियमच्या रिळाला चुंबक ओढत नाही. पण ते त्याच्याजवळ फिरलं की त्यात विजेचे भोवरे उठतात आणि ते रिळाला मागे खेचतात. घरातल्या जुन्या वीजमीटरमधली चकती याच युक्तीनं आवरलेली असायची. शेवटी शिमानोनं २००३ साली रिळात चक्क संगणकाचं चिमुकलं डोकं बसवलं. त्याला सेलही लागत नाही. रीळ फिरतं त्यातूनच ते आपली वीज काढतं आणि क्षणाक्षणाला ब्रेक ठरवतं. शाखेतला संगणक जनरेटरशिवाय अंग हलवत नाही, त्याला मी हे ऐकवलं. परिणाम शून्य.

मग आता अंगठा गेला का? इथेच गंमत आहे. लांब फेकीच्या स्पर्धांत आज दीडशे ग्रॅमचं शिसं अडीचशे मीटरांच्या पलीकडे जातं. त्यातले कितीतरी खेळाडू असलंच फिरणारं रीळ घेतात आणि पहिलं काम काय करतात, तर शेक्सपिअरांची वाटाडी काढून ठेवतात, कारण घासणारी प्रत्येक वस्तू अंतर खाते. ब्रेक होता होईल तेवढा सैल ठेवतात. रीळ हलकं निवडतात, दोरा बारीक घेतात. आणि फेकीच्या क्षणापर्यंत रीळ धरून ठेवायला आणि शिसं पाण्याला टेकता क्षणी ते थांबवायला जो नेमलेला असतो, तो अंगठाच. ब्रेक गुंता वाचवतो, पण त्याची किंमत मीटरांत वसूल करतो. जितकी यंत्राची हमी जास्त, तितकी फेक तोकडी.

मी मात्र सुरक्षित व्यवहाराचा माणूस. पहिल्या घरट्याची अशी दहशत बसली होती, की रिळाच्या बाजूची टोपी मी करकचून आवळून टाकली. गुंता थांबला. आमिषही दहा हातांवर पडू लागलं.

नोव्हेंबरात पेन्शनर हयातीचा दाखला द्यायला येतात. रांगेत ते गरवणारे आबा उभे. बंदर खात्यात खलाशी होते असं कागदावरून कळलं. मी त्यांचा अंगठा यंत्रावर ठेवला. यंत्र म्हणालं, जुळत नाही. पुसून ठेवला, जुळत नाही. उजवा झाला, डावा झाला. साठ वर्षं ज्या बोटांवरून खारा दोरा पळाला त्यांच्यावर रेषा राहणार कुठून? जगातले सगळे घड्याळजी मिळून ज्या अंगठ्याची बरोबरी करू पाहत होते, तो माझ्यासमोर होता, आणि माझं यंत्र सांगत होतं की हा माणूस हयात असल्याचा पुरावा नाही.

मी कपाटातून जुना छापील फॉर्म काढला. ‘समक्ष हजर, हयात’ असं लिहून खाली सही ठोकली आणि शाईची गादी पुढे केली. कागदावर नुसता जांभळा गोल उमटला. रेषा जवळजवळ नाहीच, फक्त एका कडेला बारीकशी चर, दोरा जाण्याची. मी तो ठसा जरा जास्तच वेळ पाहत राहिलो असेन, कारण आबांनी विचारलं, “त्या तांबड्या चाकाचा काय झाला, साहेबानू?”

“ब्रेक घट्ट आवळून ठेवलाय, आबा. आता गुंता होत नाही.”

आबांनी कागद घडी करून खिशात घातला. “मगे ता लांब कसा जातला?”

पुढच्या रविवारी मी टोपी एक आटा सैल केली आणि अंगठा उचलला नाही. आमिष पुष्कळ लांब गेलं. गुंता झालाच, पण मागच्यापेक्षा लहान. एका संध्याकाळीत सुटला. आमच्या बँकेत याला वसुलीत सुधारणा म्हणतात.