सुरतेच्या भिंती आणि घरचे हात

सुरतेचे नाव निघाले की मराठी माणसाला प्रथम शिवछत्रपतींची स्वारी आठवते; मग जर, हिरे, आणि जिभेचे चोचले पुरविणारा तो कोणी असेल तर घारी. सुरतेच्या भिंती सहसा कोणाला आठवत नाहीत. आज मला बोलायचे आहे ते मात्र भिंतींविषयीच, आणि त्याही घराच्या आतल्या अंगाविषयी.

ताव्हेर्निए नावाचा एक फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात सुरतेस अनेकदा येऊन गेला. त्याचा प्रवासग्रंथ १६७६ साली पॅरिसला छापला गेला. मोगल साम्राज्याच्या या धनाढ्य बंदरात त्याला नीट बांधलेली घरे दिसली ती अवघी नऊ-दहा, आणि त्यांतली दोन-तीन एकट्या शाहबंदराची! बाकीच्यांची घरे त्याला धान्याच्या कोठारांसारखी वाटली. बोरूंच्या भिंती, त्यांवर शेणमातीचे लिंपण. आणि ते कशासाठी, तर फटी बुजाव्यात आणि आत काय चालले आहे ते बाहेरच्याला दिसू नये म्हणून.

या वर्णनात तुच्छता आहे, पण ते खोटे नाही. ताव्हेर्निएने पाहिली ती आपली कुडाची भिंत. कोकणात आणि डांगात ती कारवीच्या काठ्यांची असते, तापीकाठी बोरूची असेल, एवढाच फरक. चिकणमाती, शेण आणि भाताचे तूस पायांनी तुडवून एकजीव करतात आणि तो गोळा हाताने काठ्यांवर दाबतात. शेणातले व तुसातले तंतू माती धरून ठेवतात, म्हणून ती वाळताना फारशी फाटत नाही. वरचा पातळ हात ओला असतानाच बाई चार बोटे जुळवून अर्धवर्तुळात फिरवते. एका वळणाला लागून दुसरे, दुसऱ्याला लागून तिसरे. वाळल्यावर भिंतीवर लाटा उमटतात आणि तिरप्या उन्हात त्यांच्या सावल्या पडतात. गुजरातेत या नक्षीला ओकळी म्हणतात. कच्छच्या वाटोळ्या भुंग्यांमध्ये तर मातीच्याच उठावाची वेलबुट्टी काढून तीत आरशांचे तुकडे बसवतात. ही कामे घरच्या बायकाच करीत आल्या. त्यासाठी गवंडी बोलावल्याचे मी कोठे ऐकलेले नाही.

सुरतेच्या त्या लिंपणावर बोटांच्या लाटा होत्या काय? ताव्हेर्निए सांगत नाही. रत्नपारखी माणूस, मातीत त्याला काय दिसणार! पण दोष एकट्या त्याचा नव्हे. ही भिंत दरसाल पावसाळ्यानंतर नव्याने लिंपावी लागते. आज लिंपलेल्या हाताखाली कालचा हात गडप होतो. जी वस्तू टिकते तिचा इतिहास लिहिला जातो. जी सतत नवी करावी लागते ती पुरावा म्हणून मागे काहीच ठेवीत नाही.

टिकण्याचा मान चुन्याला मिळाला. जानेवारी १६६४ च्या स्वारीत इंग्रजांची वखार लढवणारा जॉर्ज ऑक्सेंडन १६६९ साली सुरतेतच वारला. त्याची व त्याच्या भावाची घुमटांची भव्य कबर इंग्रजांच्या जुन्या दफनभूमीत अजून उभी आहे. जवळच डच दफनभूमीत १६९१ साली मरण पावलेल्या व्हान रेड या वनस्पतिशास्त्रज्ञाची कबर आहे. तिच्या आतल्या भिंती एके काळी चित्रांनी सजवल्या होत्या. चुन्याचे काम घरच्या बाईचे नव्हते. चुना विझवून महिनोन्महिने मुरवायचा, वाळूबरोबर घाणीत मळायचा, त्यात गुळाचे पाणी नाही तर हिरड्याचा काढा घालायचा, आणि शेवटचा हात दगडाने घोटून घोटून चकचकीत करायचा. हा कारागिराचा उद्योग, आणि तो पैसेवाल्यालाच परवडे. १८३७ च्या एप्रिलात सुरतेत प्रचंड आग लागली आणि त्याच वर्षी तापीलाही महापूर आला. त्या वर्षाने किती कूड आणि किती लाकडी माड्या खाल्ल्या, याची कल्पनाच केलेली बरी.

आता थोडे माझ्या मूर्खपणाविषयी. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरत बुडाली. मी तेव्हा नुकताच शिक्षकाच्या नोकरीस लागलो होतो व जुन्या शहरात एका विटा-चुन्याच्या घरात भाड्याने राहत होतो. पूर ओसरल्यावर भिंती वाळल्या असे मी ठरवून टाकले आणि बाजारातून टेक्स्चर रंगाचा डबा आणला. घरच्या घरी, आपल्या हाताने, कंगवा आणि स्पंज घेऊन दोन रविवार खपलो. भिंत सुंदर दिसली! शेजाऱ्यांना बोलावून दाखवली. हिवाळा सरताना तिच्यावर फोड आले आणि मार्चात तळहाताएवढे पोपडे जमिनीवर पडू लागले. चुन्याच्या भिंतीतली ओल हवेत निघून जाऊ शकते. मी तिच्यावर बंद कातडे चढवले होते. पाणी आणि क्षार आतच अडकले.

एका विद्यार्थ्याची आई नंदुरबारकडची. सुरतेच्या कापड कारखान्यांत खानदेशातली हजारो कुटुंबे आहेत, त्यांपैकी हे एक. भाड्याच्या सिमेंटच्या खोलीत राहत असल्याने तिला लिंपायला स्वतःची भिंत नव्हती. मुलाची चौकशी करायला आली होती, ती माझ्या भिंतीपाशीच थबकली. "सर, हे सगळं काढा," म्हणाली, "आणि वाळू द्या. पंखा लावून नव्हे. उन्हाळा जाऊ द्या."

मी तो उन्हाळाच नव्हे, पुढचा पावसाळाही जाऊ दिला. दिवाळीच्या सुट्टीत गवंड्याकडून चुन्याचा गिलावा करून घेतला. शेवटचा हात ओला असताना तिला बोलावले. मातीच्या सवयीने ती चार बोटे पुढे करणार, तोच गवंडी ओरडला, कारण चुना कातडी भाजतो. मग तिने माझ्याकडून काथ्याचा कुंचा मागून घेतला आणि त्याच अर्धवर्तुळात तो फिरवीत गेली, उजवीकडून डावीकडे, खालून वर. तासाभरात भिंत लाटांनी भरली. मुलगा दारात उभा राहून पाहत होता. आईला हे येते हे त्याला ठाऊकच नव्हते.

ते घर मी पुढे सोडले. नंतरच्या भाडेकरूने भिंतीला गुलाबी रंग दिला आहे, पण संध्याकाळी दिवा लावला की लाटा अजून दिसतात.